धोंडीरामाचं कडवं

चिंतामणी देगावकरला अख्खं सोलापूर रेडिओवाले देगावकर म्हणून ओळखायचं, आणि त्याला ते मुळीच आवडायचं नाही. रेडिओ विकणं हा पोटाचा धंदा होता. ओळख सांगायची वेळ आली की तो 'सीना रेकॉर्ड्स'चा मालक म्हणून सांगायचा. नवी पेठेतल्या त्याच्या दुकानावर मोठी पाटी रेडिओची होती आणि तिच्याखाली, रंग उडालेली, लहानशी पाटी या कंपनीची. कंपनी म्हणजे तरी काय? तो स्वतः, एक जुना टेपरेकॉर्डर, दोन मायक्रोफोन, आणि लेबलांवरचं शुद्धलेखन तपासणारी बायको प्रभा, जी मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. मुंबईच्या मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं असे गळे चिंतामणी जत्राजत्रांतून हुडकून आणायचा, त्यांची गाणी फितीवर घ्यायचा, मुंबईच्या एका कारखान्यात छोट्या तबकड्या काढून घ्यायचा आणि संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल लावून विकायचा. विकायचा म्हणजे बऱ्याचशा वाटायचाच.

त्याचा स्टुडिओ पाहून मुंबईकर पोट धरून हसले असते. मित्राचं चादरींचं गोदाम होतं, त्यात छतापर्यंत चादरींचे गठ्ठे रचलेले. त्या गठ्ठ्यांमध्ये गाणाऱ्याला उभं केलं की आवाजाचा घुमारा चादरी पिऊन टाकायच्या आणि नुसता गळा तेवढा उरायचा. आसपासचे माग सुट्टीच्या दिवशी बंद असायचे, तेव्हा काम चालायचं. मधेच गिरणीचा भोंगा झाला तर गाणं पहिल्यापासून. तरी त्या गोदामात जे आवाज उमटले ते खरे होते, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. कान होता गड्याला. पण तो कान चालीवर असायचा, शब्दांवर नाही, आणि पुढचं सगळं तिथूनच घडलं.

सोजरबाई आणि धोंडीराम ही वळसंगची भावंडं. सोजरबाई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, धोंडीराम तिच्याहून धाकटा आणि बिनलग्नाचा. थोडी कोरडवाहू जमीन आणि जत्रांतलं गाणं, एवढ्यावर दोघांचं चालायचं. कवनं रचायचा धोंडीराम. त्याला लिहिता येत नव्हतं. डोक्यातल्या डोक्यात जुळवायचा आणि बहिणीकडून पाठ करून घ्यायचा. बाहत्तरच्या दुष्काळात दोघं सरकारी कामावर खडी फोडायला होती, तिथे त्याने खडीचं गाणं रचलं. उन्हात बसलेली बाई घमेल्याच्या सावलीला पाहुणी म्हणून बोलावते, असं काहीतरी त्यात होतं. मैंदर्गीच्या जत्रेत चिंतामणीने ते ऐकलं आणि दुसऱ्याच आठवड्यात दोघांना गोदामात बोलावून घेतलं.

या भावंडांची एक रीत होती, त्यांच्या गुरूपासून चालत आलेली. गाणं सगळं सोजरबाई म्हणायची आणि धोंडीराम मागे तुणतुणं धरायचा. पण शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, ते कडवं रचणाऱ्यानेच म्हणायचं. दुसऱ्या कुणी ते उचलायचं नाही. तो नसेल तर गाणं त्याच्या आधीच थांबवायचं आणि खाली बसायचं.

गोदामात तसंच झालं. सोजरबाईचा आवाज म्हणजे रानातल्या रानात हाक मारायला केलेला, मोकळा आणि न थकणारा. चिंतामणी डोळे मिटून ऐकत होता. शेवटच्या कडव्यापाशी ती मायक्रोफोनपुढून बाजूला झाली आणि धोंडीराम पुढे आला. 'धोंडीराम वळसंगचा' अशी त्याने सुरुवात केली आणि चिंतामणीने डोळे उघडले. खडीच्या धुळीने बसलेला, चिरका आवाज. मधेच खोकलाही आला. चिंतामणीने यंत्र थांबवलं आणि शक्य तितक्या गोड शब्दांत सुचवलं, की एवढं कडवंही बाईंनीच म्हटलं तर बरं.

"मालक, ते त्याचं हाय," सोजरबाई म्हणाली. "माज्या तोंडात ते शोभायचं न्हाय."

पुन्हा घेतलं, पुन्हा खोकला आला. धोंडीराम बिचारा ओशाळून हसला आणि गठ्ठ्यांच्या आड जाऊन पाणी पिऊन आला. शेवटी चिंतामणीने आहे तसं ठेवलं, दोघांना चहा पाजला आणि पुढच्या वर्षी तुमची स्वतंत्र तबकडी काढू म्हणून सांगितलं. पुढचं वर्ष आलं आणि गेलं. आधी दुसऱ्या कुणाची निघाली, मग कारखान्याने दर वाढवले, मग चिंतामणीचं दुसरीकडे लक्ष लागलं. सोजरबाईचं गाणं फितीवरच राहिलं, आणि एका पावसाळ्यात धोंडीराम त्याच खोकल्याने गेला.

महिन्याभराने सोजरबाई दुकानात आली. वहाणा बाहेर काढून, पदर सावरून काउंटरपाशी उभी राहिली. बस म्हटलं तर बसेना. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "घरात त्याचा फोटू सुदिक न्हाय. आवाज तेवढा तुमच्यापाशी हाय न्हवं?"

"आहे की," चिंतामणी म्हणाला. "तुम्हाला ऐकवल्याशिवाय राहणार नाही. शब्द देतो."

तो शब्द त्याने मनापासून दिला होता. वेळ मारून नेण्याचा त्याचा स्वभावच नव्हता. म्हणून तर पुढे त्याचं त्यालाच इतकं लागलं.

शहात्तर साली त्याच्या डोक्यात मोठ्या तबकडीने घर केलं. सीना रेकॉर्ड्सचे बारा कलावंत, बारा गाणी, एक एलपी. कव्हरवर सीना नदीचं पात्र, मागे प्रत्येकाचं नाव आणि गाव. अकरा गाणी आधी छोट्या तबकड्यांवर निघालेलीच होती. बारावं खडीचं. आपण गेल्यावर लोक एवढी एक वस्तू तरी हातात धरतील, असं तो प्रभाला म्हणाला. प्रभाने शाळेच्या पेपरांतून मान वर न करता, आत्ता तरी जेवायला चला, असं सांगितलं.

फीत तयार झाली आणि कारखान्याकडून निरोप आला, की दोन्ही बाजू लांबल्या आहेत, इतकं बसणार नाही. प्रभाचं म्हणणं सरळ होतं, एकाला गाळा. पण गाळायचं कुणाला? चिंतामणीला आयुष्यात कुणाच्या तोंडावर नाही म्हणता आलं नव्हतं, आणि या दुबळेपणाला तो समन्याय म्हणायचा. दोन दिवस तो कपाळाला आठ्या घालून हिंडला आणि तिसऱ्या दिवशी त्याला एकदम मोकळं वाटलं. कुणालाच गाळायचं नाही. प्रत्येकाचं शेवटचं कडवं काढायचं. सगळ्यांना सारखीच कात्री. चाल तर तीच असते, मग एक कडवं कमी ऐकलं म्हणून कुणाचं काय बिघडतं?

इतकी वर्षं ही गाणी ऐकून, शेवटच्या कडव्यात काय असतं हे या माणसाच्या ध्यानात राहू नये! पण नव्हतंच राहिलं. त्याला चाल ऐकू यायची.

सोजरबाईच्या गाण्यापाशी मात्र ब्लेड धरलेला हात थांबला. इथे काय आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. दिलेला शब्दही आठवत होता. त्याने मनाशी बरंच काही जुळवलं. तुणतुणं तर धोंडीरामाचंच वाजतंय सगळीकडे. एकट्याचं ठेवलं तर बाकीचे अकराजण काय म्हणतील? शिवाय तुकडा काही फेकून द्यायचा नाही, नीट ठेवायचा, सोजरबाईंना इथे बोलावून ऐकवायचा, पुढे स्वतंत्र तबकडी निघेल तेव्हा परत जोडायचा. हे सगळं खरं होतं. पण याच्याही खाली आणखी एक खरं होतं. बारा गाण्यांच्या त्या देखण्या तबकडीवर त्याला तो खोकला नको होता.

नक्कल करायला दुसरं यंत्र नव्हतं, म्हणून ब्लेड मूळ फितीवरच चाललं. कापलेले बारा तुकडे त्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. कुठला कुणाचा, याच्या चिठ्ठ्या नंतर लावू म्हणाला. तेवढ्यात प्रभा चहा घेऊन दुकानात आली आणि डब्यात काय आहे म्हणून विचारलं. आता खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि प्रभाचा पुढचा प्रश्न काय असेल ते त्याला माहीत होतं.

"काही नाही, उरलीसुरली फीत आहे," तो म्हणाला आणि डबा कपाटावर ठेवून दिला.

डिसेंबरात तो मुंबईला गेला आणि तबकड्या घेऊन गड्ड्याच्या तोंडावर परतला. यंदा स्टॉलवर त्याने झेंडूची तोरणं लावली होती. मैंदर्गीचे चन्नवीर आप्पा पहिल्याच दिवशी आले. मराठी आणि कानडी दोन्ही भजनं सारख्याच मायेने गाणारा हा म्हातारा सीना रेकॉर्ड्सचा सगळ्यात जुना कलावंत. आपलं गाणं लागलं तसं त्यांनी मान कलती करून ऐकलं. ते संपून पुढचं सुरू झालं, तरी मान तशीच.

"मालक, माझ्या गुरूंना कुटं ठेवलंत?" त्यांनी विचारलं.

चिंतामणीला आधी समजेचना. मग आप्पांनी सांगितलं, की शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव घेतलं नाही तर ते भजन देवापर्यंत जात नाही, अधेमधेच राहतं. रागावून नव्हते सांगत. त्यांच्या जुन्या छोट्या तबकडीवर ते कडवं होतंच, आणि मोठ्या तबकडीवर नाव छापून आल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता. सगळ्यांचंच असं झालंय का, असं त्यांनी सहज विचारलं. चिंतामणीने होकारार्थी मान हलवली.

"सोजराचं बी?"

चिंतामणी झेंडूचं तोरण सारखं करू लागला. आप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी तबकडी पिशवीत घातली, रामराम केला आणि गर्दीत निघून गेले.

त्या दिवशी स्टॉल आवरून दुकानात आल्यावर चिंतामणीने कपाटावर पाहिलं. डबा जागेवर होता, झाकणही लागलेलं. त्याला धीर आला. उचलून पाहायचं त्याच्या मनातही आलं नाही.

जानेवारी सरता सरता सोजरबाईचा निरोप आला, की हुरडा निघालाय, मालकांनी आणि वैनींनी यावं, आणि रेकॉर्ड घेऊन यावं. प्रभाची शाळा होती. चिंतामणी एकटाच अक्कलकोटच्या एसटीने निघाला, मांडीवर बॅटरीवर चालणारा पेटीतला प्लेयर आणि काखेत एलपी. सगळ्या वाटेत तो काय बोलायचं ते जुळवत होता. आधी गाणं ऐकवावं, मग सांगावं, आणि लगेच म्हणावं, तुमचं कडवं माझ्याकडे शाबूत आहे, उद्याच चला. असं सांगितलं तर फार वाईट वाटणार नाही, असं त्याने वळसंग येईपर्यंत स्वतःला पटवलं होतं.

शेत रस्त्यापासून आत होतं. ज्वारी डोक्याबरोबर आलेली, कणसं भरलेली. बांधावरच्या बाभळीखाली सोजरबाईने घोंगडं अंथरलं होतं. आगटीत कणसं भाजत होती आणि शेजारच्या दोघी-तिघी बायका खास गाणं ऐकायला येऊन बसल्या होत्या. सोजरबाईने तबकडीचं कव्हर दोन्ही हातांत धरून उलटसुलट पाहिलं. वाचता येत नव्हतं, म्हणून आपलं नाव कुठं आहे ते विचारून त्यावर बोट ठेवलं. मग शेजारी भावाचं नाव कुठं आहे ते विचारलं. गीत धोंडीराम, असं प्रभाने आग्रहाने छापायला लावलं होतं. त्या अक्षरांवर तिचं बोट बराच वेळ राहिलं.

चिंतामणीने सुई ठेवली. ज्वारीच्या पात्यांच्या सळसळीत पहिलंच खडीचं गाणं सुरू झालं आणि बायकांनी पदर तोंडाला लावले. सोजरबाई स्वतःच्या आवाजाकडे फारसं लक्ष देत नव्हती. ती वाट पाहत होती. शेवटाकडे आलं तशी ती सावरून बसली, हात वर करून तिने बायकांना गप्प केलं.

"आता त्यो येतोय," ती म्हणाली.

तुणतुणं थांबलं. बारीकशी खरखर झाली आणि मैंदर्गीच्या आप्पांचं भजन सुरू झालं.

सोजरबाई तशीच बसून राहिली. भजन संपलं, त्यामागची गाणी संपली, पहिली बाजू संपली. चिंतामणीने सुई उचलली आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनेच समजुतीने विचारलं, "दुसऱ्या अंगाला असंल, व्हय?"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं होती ना तोंडाशी! पण चिंतामणीने तबकडी उलटी केली. सुई ठेवली आणि जमिनीकडे पाहत बसला. दुसऱ्या बाजूची सगळी गाणी, सगळे परके गळे, सोजरबाईने एकेक करून ऐकले. प्रत्येक गाणं संपत आलं की ती पुढे वाकायची, नवं सुरू झालं की मागे सरायची. हुरडा आगटीत करपला, कुणी काढला नाही. शेवटचं गाणंही संपलं आणि सुई नुसतीच फिरत राहिली.

मग त्याने सांगितलं. जागा पुरली नाही, सगळ्यांचंच शेवटचं कडवं काढावं लागलं, हे सांगितलं. खोकल्याचं तेवढं सांगितलं नाही. सोजरबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. शेजारणी उठून गेल्या.

"पण गेलेलं नाही, सोजरबाई," तो घाईघाईने म्हणाला. "फितीचा तेवढा तुकडा मी जपून ठेवलाय. दुकानात डब्यात आहे. आत्ता माझ्याबरोबर चला, तासाभरात ऐकवतो."

तिचा चेहरा जरा सैल झाला, आणि ते पाहून चिंतामणीला रडूच यायचं बाकी राहिलं. निदान एवढं तरी आपल्या हातात उरलंय, असं त्याला वाटलं. सोजरबाई उठली, पदराने डोळे पुसले, आणि जायचं तर राखणीचं बघून येते म्हणून शेताकडे वळली. तो तिच्या मागोमाग निघाला.

वारा सुटला होता. शेताच्या चारी अंगांनी काठ्या रोवल्या होत्या आणि काठीपासून काठीपर्यंत काहीतरी ताणून बांधलेलं होतं. वाऱ्यावर ते थरथरत होतं, उन्हात चमकत होतं आणि बारीक, एकसुरी घूं घूं असा आवाज करत होतं. येताना त्याने ते पाहिलंही होतं. आता जवळून पाहिलं आणि त्याने ते ओळखलं.

"ही फीत कुठली?" त्याने विचारलं.

"वैनींनी दिली की," सोजरबाई म्हणाली. "तुमी मुंबईला होता तवा आलते मी दुकानात, रेकॉर्ड झाली का बघाया. वैनी कपाट झाडत हुत्या, डबा उघडा हुता. मी म्हनलं, ही चमकती पट्टी पाखरांना लई भारी हाय, पडीक असली तर द्या. त्यांनी समदीच दिली. लई चांगली हाय, मालक. यंदा एक पाखरू बसलं न्हाय."

चिंतामणी काठीजवळ गेला. तिने फितीचे हवे तसे तुकडे केले होते, कुठे दोन-तीन एकत्र पीळ देऊन दोरी केली होती, कुठे गाठ मारून लांबी वाढवली होती. महिनाभराच्या उन्हावाऱ्याने त्या पट्ट्या सुरकुतल्या होत्या. त्याने एकीला हात लावला तर ती तुटली आणि बोटांना तपकिरी भुकटी लागली. आवाज असतो तो त्या भुकटीत. फितीवर दुसरं काहीच नसतं.

आता गप्प राहून चालणार नव्हतं, आणि पहिल्यांदाच तो राहिलाही नाही. "सोजरबाई," तो म्हणाला, "त्या डब्यातली म्हणत होतो मी, ती हीच."

तिला कळायला थोडा वेळ लागला. तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग शेताच्या भोवतीनं नजर फिरवली. दोष तिने कुणालाच दिला नाही. प्रभाला नाही, त्यालाही नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं चिंतामणीला पुढे जन्मभर वाटत राहिलं. ती पहिल्या काठीपाशी गेली आणि गाठ सोडू लागली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तोही दुसऱ्या अंगाने सोडू लागला. गाठी सुटेनात तिथे ती दाताने सोडत होती. बऱ्याच पट्ट्या हातातच मोडल्या. माणसांची चाहूल असेपर्यंत पाखरं दूर होती. मग मोकळ्या झालेल्या कडेला चिमण्यांचा एक थवा येऊन कणसांवर बसला. तिने हाकललं नाही.

सगळं सोडून झाल्यावर तिने ते पदरात गोळा करून बांधावर आणलं. बारा जणांची बारा कडवी, पिळलेली, तुटलेली, एकाच तपकिरी रंगाची. तिचे तळवेही तसेच तपकिरी झाले होते. ते तिने लुगड्याला पुसले नाहीत, तसेच उघडे धरले. तिने पदर त्याच्यापुढे केला.

"मालक," सोजरबाईने विचारलं, "ह्यातला धोंडीराम कंचा?"